फेनबान: जुन्या रेल्वेवाटेनं आर्देनच्या रानातून सायकल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये राहणारी मराठी मंडळी आणि सुट्टीत युरोपला येणारे पुण्या-मुंबईचे सायकलवाले या वाटेबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. हॉटेलांची यादी इथं नाही, ती कुठंही मिळेल. आर्देन या डोंगराळ मुलखातल्या या शांत रानात दोन महायुद्धांत काय घडून गेलं आणि ते बघायला सायकल नेमकी कुठं वळवायची, हे मात्र सविस्तर लिहिलं आहे.

फेनबान म्हणजे नक्की काय?

जर्मनीतल्या आखेन शहरापासून लक्झेंबर्गच्या उत्तर टोकावरच्या ट्रोआव्हिएर्जपर्यंत जाणारी सुमारे 125 किलोमीटरची सायकलवाट. मधला बहुतेक भाग पूर्व बेल्जियममधून जातो. ही वाट म्हणजे एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची जमीन. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजवटीत 1885 ते 1889 या काळात हा मार्ग टप्प्याटप्प्यानं बांधला गेला. आखेनच्या बाजूचा कोळसा दक्षिणेला न्यायचा आणि लक्झेंबर्ग-लोरेनकडचं लोहखनिज उत्तरेला आणायचं, हे त्याचं मूळ काम. नियमित मालवाहतूक थांबल्यावर काही वर्षं पर्यटकांसाठी गाडी चालली, 2001 नंतर तीही बंद झाली. मग रूळ काढून डांबरी वाट केली आणि 2013 मध्ये ती सलग खुली झाली.

नाव पडलं ते होहेस फेन या पठारावरून. पाणथळ, गवताळ, कडेनं दाट जंगल असलेलं हे पठार बेल्जियममधला सर्वांत उंच भाग आहे. त्यावरचं बोत्रांज हे ठिकाण 694 मीटर उंचीवर आहे.

खरंच गाड्या नसतात का?

वाटेवर नसतात. रस्ते आडवे येतात तिथं थांबावं लागतं, फाटक किंवा खांब लावलेले असतात. काही गावांत थोडं अंतर साध्या रस्त्यानं जावं लागतं. दक्षिण टोकाला, बेल्जियम-लक्झेंबर्ग सीमेवर, रेल्वेचा जुना बोगदा आहे. तो आता वटवाघळांसाठी राखून ठेवला आहे, त्यामुळं तिथं वाट डोंगरावरून जाते आणि पाय जरा दुखतात. बाकी वेळ चाकांचा आवाज, पाखरं आणि वारा. शनिवार-रविवारी आखेन ते मॉन्शाऊ या पट्ट्यात मात्र चांगली वर्दळ असते. शांतता हवी असेल तर मंगळवार-बुधवार बघा, नाहीतर सरळ मॉन्शाऊच्या दक्षिणेला निघा. तिथं भर उन्हाळ्यातही बराच वेळ एकटेच असता.

चढ किती आहे? रोजची सवय नसलेल्याला जमेल का?

जमेल. मालगाडीच्या इंजिनाला चढता यावं म्हणून बांधलेला मार्ग आहे, त्यामुळं चढ कुठंही दोन टक्क्यांच्या वर फारसा जात नाही. खंबाटकी किंवा ताम्हिणी चढलेल्या माणसाला हा चढ चढासारखा वाटणारही नाही. पण तो लांबलचक आहे. आखेनहून निघालात की पठारावर साडेपाचशे मीटरच्या आसपास पोचेपर्यंत हळूहळू चढतच राहता. गिअर एक-दोन खाली घ्या आणि गप्पा मारत चला.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वाट सोडून खाली मॉन्शाऊ गावात उतरलात, तर परत वर येताना खरा घाट आहे. माल्मेदीकडून बोन्येला चढतानाही तेच. सपाट आहे ती रेल्वेची जमीन, बाकीचं आर्देन सपाट नाही.

कोणत्या दिशेनं जावं?

बहुतेक जण आखेनहून दक्षिणेला जातात. माझं मत उलट आहे. ट्रोआव्हिएर्ज आधीच उंचावर आहे, त्यामुळं तिथून निघालं की एकूण चढ कमी पडतो आणि शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर आखेनकडं उताराचे मिळतात. शिवाय सांक्ट फिट, वेम, एल्सेनबोर्न हा इतिहासानं भरलेला भाग अंगात दम असताना येतो. आखेनहून निघणारे तिथं दमून पोचतात आणि फाटे टाळून पुढं जातात. तेवढ्यासाठी तरी दक्षिणेकडून या.

किती दिवस ठेवावेत?

नुसतं अंतर कापायचं तर धडधाकट माणूस दोन दिवसांत आरामात करेल. युद्धाच्या जागा बघायच्या असतील तर चार दिवस ठेवा. मुक्कामासाठी सांक्ट फिट, वेम किंवा ब्युटगेनबाख, आणि मॉन्शाऊ ही गावं सोयीची पडतात. लहान मुलं बरोबर असतील तर रोज तीस किलोमीटर पुरे.

या वाटेचा युद्धाशी संबंध काय?

संबंध दोन्ही महायुद्धांशी आहे, आणि तो थेट रुळांचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच हा मार्ग लष्करानं आपलासा केला होता. सुर्ब्रॉट स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर एल्सेनबोर्नला 1890 च्या दशकात प्रशियाचा मोठा लष्करी तळ झाला. सैनिक गाडीनं सुर्ब्रॉटला उतरायचे आणि तिथून चालत जायचे. एवढ्याशा खेड्याला एवढं मोठं स्टेशन कशाला, असं तिथं उभं राहिल्यावर वाटतं, त्याचं उत्तर हे आहे. तो तळ आजही बेल्जियन सैन्याकडं आहे.

युद्धानंतर, 1920 मध्ये, व्हर्सायच्या तहानुसार ऑयपेन आणि माल्मेदीचा हा मुलूख जर्मनीकडून बेल्जियमकडं गेला. रेल्वेची पट्टीही बेल्जियमला मिळाली, जिथं ती जर्मन गावांमधून जात होती तिथंसुद्धा. म्हणून आजही रॉटगेन ते काल्टरहेर्बर्ग या भागात तुमच्या डाव्या-उजव्या हाताला जर्मनी असते आणि तुम्ही सायकल चालवत असलेली चिंचोळी पट्टी बेल्जियमची असते. तिच्या पश्चिमेला जर्मनीचे पाच तुकडे मुख्य देशापासून तुटून पडले आहेत. रूळ गेले, तरी सीमा तशीच राहिली.

मे 1940 मध्ये हिटलरनं हा भाग पुन्हा जर्मनीला जोडून घेतला. इथल्या तरुणांना जर्मन सैन्यात भरती व्हावं लागलं. 1944-45 मध्ये हा मुलूख परत बेल्जियममध्ये आला. 1910 साली इथं जन्मलेल्या माणसाचं राष्ट्रीयत्व घर न बदलता तीनदा बदललं. गावोगावच्या स्मारकांवर युद्धात गेलेल्यांची नावं वाचताना हे लक्षात असू द्या. यातली बरीच मुलं जर्मन गणवेशात मेली, आणि त्यांना विचारून कुणी तो गणवेश चढवला नव्हता.

आर्देनची लढाई थोडक्यात सांगाल का?

16 डिसेंबर 1944 च्या पहाटे जर्मनीच्या तीन सेना या जंगलातून पश्चिमेकडं घुसल्या. म्यूज नदी ओलांडून अँटवर्प बंदर गाठायचं आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजा मधोमध तोडायच्या, असा हिटलरचा बेत होता. अमेरिकेनं हा भाग शांत समजून इथं नवख्या किंवा दमलेल्या तुकड्या ठेवल्या होत्या. धुकं आणि ढगांमुळं विमानं जमिनीवर अडकून पडली. जानेवारीअखेर जर्मन फौजा परत मूळ जागी ढकलल्या गेल्या. सुमारे 19,000 अमेरिकन सैनिक मारले गेले. जर्मन बाजूची हानीही प्रचंड होती आणि नागरिकांचे हाल दोन्हीकडून झाले.

सायकलवाल्यानं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रानात रणगाडे कुठूनही जाऊ शकत नव्हते. दऱ्या खोल, झाडी दाट, जमीन चिखलाची. त्यामुळं सगळी लढाई रस्ते, पूल आणि नाके यांच्यासाठी झाली. नकाशावर जिथं चार रस्ते आणि एक रेल्वे एकत्र येते, तिथं बोट ठेवा. त्या गावाचं 1944 मध्ये काय झालं असेल, हे तुम्हाला आधीच कळेल.

सांक्ट फिटमध्ये जुनं काहीच का दिसत नाही?

कारण वरच्या उत्तरात आहे. सहा दिशांचे रस्ते आणि रेल्वेचं जंक्शन असलेलं हे गाव दोघांनाही हवं होतं. अमेरिकेच्या सातव्या चिलखती डिव्हिजननं आणि तिच्या जोडीच्या तुकड्यांनी ते 21 डिसेंबरपर्यंत धरून ठेवलं. त्या विलंबानं जर्मन वेळापत्रक कोलमडलं. गाव जर्मनांच्या हाती पडल्यावर दोस्तांच्या विमानांनी 25 आणि 26 डिसेंबरला बॉम्बफेक करून रस्त्यांचा हा नाकाच बुजवला. ऐन नाताळात गाव जवळपास पूर्ण जमीनदोस्त झालं. आज दिसतात ती घरं, चर्च, दुकानं युद्धानंतरची. जुन्या तटबंदीचा ब्युखेल बुरूज तेवढा उरला आहे. गोल, जाड भिंतींचा, आजूबाजूच्या नीटनेटक्या इमारतींमध्ये एकटा उभा. स्टेशनच्या जुन्या आवाराकडून येताना दहा मिनिटं काढून तो बघाच.

गावाच्या पूर्वेला श्नी-आयफेल नावाची डोंगररांग आहे. 106 व्या अमेरिकन डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट तिथं वेढल्या गेल्या आणि 19 डिसेंबरला त्यांनी शस्त्रं ठेवली. आघाडीवर येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता.

फाटे कोणते घ्यावेत? वेळ थोडा असेल तर एकच कोणता?

एकच घ्यायचा तर वेमहून पूर्वेला जाणारा. वेमच्या आसपास फेनबानला दुसरी जुनी रेल्वेवाट मिळते. ती ब्युटगेनबाख, ब्युलिंगेन करत लोसहाइमरग्राबेनला जर्मन सीमेवर जाते. हीसुद्धा वाहनमुक्त आहे आणि फेनबानपेक्षा खूपच निर्मनुष्य. ब्युटगेनबाखच्या धरणाचं पाणी सोडलं की दोन्ही बाजूंनी स्प्रूसचं उंच रान सुरू होतं. आत उजेड कमी, जमिनीवर शेवाळाचा गालिचा, आणि मधून सरळ रेषेत जाणारी तुमची वाट.

याच सरळ रेषेत बुखहोल्ट्सचं छोटं स्टेशन होतं. 16 डिसेंबरच्या सकाळी 99 व्या अमेरिकन डिव्हिजनची एक बटालियन तिथं होती आणि न्याहारीची वेळ झाली होती. धुक्यातून काही माणसं रुळांच्या कडेनं रांगेत चालत येताना दिसली. आपलेच लोक असतील असं आधी वाटलं. ते जर्मन होते. आज त्याच रेषेवर सायकल उभी करून पूर्वेकडं पाहिलं, की रुळांची कापलेली पट्टी किती लांबवर दिसते आणि धुकं असेल तर किती थोडी दिसते, हे डोळ्यांनीच समजतं. नकाशा वाचून हे कळत नाही.

तिथून थोड्या अंतरावर लांझेराट गाव आहे. अठरा जणांच्या एका टेहळणी तुकडीनं आणि चार तोफखाना निरीक्षकांनी गावाबाहेरच्या उतारावरून त्या दिवशी कित्येक पटींनी मोठ्या जर्मन छत्रीधारी फौजेला संध्याकाळपर्यंत अडवून ठेवलं.

आणि लोसहाइमजवळची एक गोष्ट. इथं रस्ता रेल्वेवरून पुलानं जात होता. सप्टेंबर 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनीच तो पूल उडवला होता. डिसेंबरमध्ये पुन्हा पुढं यायची वेळ आली तेव्हा तो तुटका पूल त्यांनाच आडवा आला आणि मागं रणगाड्यांची, घोडागाड्यांची, तोफांची रांग तुंबली. ज्या खोलगट पट्टीमुळं ती फौज खोळंबली, त्याच रेल्वेमार्गानं तुम्ही सायकल चालवत असता.

बोन्ये आणि माल्मेदी बघावं का? तिथं रस्त्यावर रहदारी असते ना?

असते. तरी जा. वेमहून बोन्येचा चौक चार-पाच किलोमीटरवर आहे. 17 डिसेंबर 1944 च्या दुपारी शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांना एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या तुकडीनं इथल्या शेतात उभं करून गोळ्या घातल्या. स्मारकावर 84 नावं आहेत. लांब दगडी भिंत, तिच्यावर एकेक नाव वेगळ्या पाटीवर. शेजारून गाड्या भरधाव जात असतात, समोर संग्रहालय आहे, कडेला खाण्याची जागाही आहे. त्या वर्दळीमुळंच ती भिंत जास्त लागते. कुणीही एखाद्या नाक्यावर असंच उभं असू शकतं.

खाली माल्मेदी गावाची कहाणी वेगळी आहे. ते अमेरिकनांच्याच ताब्यात होतं, तरी 23, 24 आणि 25 डिसेंबरला अमेरिकन विमानांनी ते चुकून बॉम्बनं भाजून काढलं. दोनशेहून अधिक नागरिक गेले. पुढं माल्मेदीहून स्ताव्हलो आणि त्र्वा-पोंपर्यंत परत जुन्या रेल्वेवरची वाट मिळते, तीही सुंदर.

व्हेरेटबद्दल कुणी फारसं बोलत नाही. काय आहे तिथं?

खरं तर सगळ्यात आधी इथं जावं. आमेलजवळचं नऊ-दहा घरांचं गाव. 333 व्या तोफखाना बटालियनमधले अकरा कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक आपल्या तुकडीपासून तुटून, बर्फातून चालत 17 डिसेंबरला इथं पोचले. लांगर नावाच्या शेतकरी कुटुंबानं त्यांना घरात घेतलं, जेवायला बसवलं. एसएसचे सैनिक आले, तेव्हा त्या अकरा जणांनी घरातल्यांना त्रास नको म्हणून शरणागती पत्करली. त्यांना गावाबाहेर नेऊन हालहाल करून मारलं. प्रेतं बर्फ वितळेपर्यंत तिथंच होती.

या खुनाचा तपास झाला आणि तो गुंडाळलाही गेला. कुणालाही शिक्षा झाली नाही. अमेरिकन सैन्यात तेव्हा गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या आणि ही कथा अनेक दशकं मागंच पडली. जिथं त्यांना आसरा मिळाला होता, त्याच घरातल्या मुलानं मोठेपणी, 1994 मध्ये, आपल्या हातानं एक साधा दगडी क्रूस उभा केला. आता तिथं अकरा जणांच्या नावांचं नीट स्मारक आहे. माळरानाच्या कडेला, आजूबाजूला गाई चरत असतात. फेनबानहून येता-जाता अर्धा दिवस लागेल, थोडा चढउतार आहे, रस्ते गावातले आणि शांत आहेत. फाटा चुकवू नका.

ड्रॅगनचे दात कुठं दिसतात?

रॉटगेन, लामर्सडॉर्फ, झिमेराट या भागात. 1938 पासून जर्मनीनं पश्चिम सीमेवर वेस्टवॉल नावाची संरक्षक रेषा उभारली. तिच्यातल्या रणगाडे अडवणाऱ्या काँक्रीटच्या सुळक्यांच्या रांगांना हे नाव पडलं. सुळके पुढून बुटके, मागं वाढत जाणारे. ते फोडणं इतकं महाग पडतं की बरेच तसेच सोडून दिले गेले. आता त्यांच्या मधून झाडं वाढली आहेत, वर शेवाळ आहे, आणि शेतकऱ्यांनी कुंपणाची तार त्यांच्यालगत ओढून घेतली आहे. अशा रांगांमध्ये माणसांचा वावर नसल्यानं रानमांजरं आणि वटवाघळांना जागा मिळाली आहे, म्हणून निसर्गप्रेमी संस्थाही आता त्या जपा म्हणतात.

रॉटगेनला आणखी एक मान आहे. 12 सप्टेंबर 1944 ला अमेरिकन सैन्याच्या हाती आलेलं ते पहिलं जर्मन गाव. आखेन हे पहिलं मोठं जर्मन शहर पडायला मात्र 21 ऑक्टोबर उजाडला.

ह्युर्टगेनचं जंगल फेनबानवर आहे का?

वाटेवर नाही, पूर्वेला आहे. लामर्सडॉर्फहून फोसेनाकपर्यंत साध्या रस्त्यानं जावं लागतं. सप्टेंबर 1944 पासून काही महिने इथं जी लढाई झाली, तिच्यात अमेरिकेनं मृत, जखमी, आजारी आणि बेपत्ता मिळून तीस हजारांवर माणसं गमावली. तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटायचे आणि लोखंड व लाकडाच्या कपच्या वरून बरसायच्या. जमिनीवर आडवं पडून वाचता येत नव्हतं, खोडाला चिकटून उभं राहावं लागे. युद्धानंतर जळलेलं, सुरुंगांनी भरलेलं हे रान नव्यानं लावलं गेलं. आज दिसणारी बरीचशी झाडं त्या लागवडीची आहेत.

फोसेनाकच्या खाली काल नावाच्या ओढ्यावर एक पूल आहे. नोव्हेंबर 1944 मध्ये ग्युंटर श्ट्युटगेन या जर्मन डॉक्टरनं दोन्ही बाजूंशी बोलून काही काळ गोळीबार थांबवला आणि दोन्हीकडच्या जखमींवर उपचार झाले. त्या दरीत सायकल हातात धरून उतरावं लागतं. वाट अरुंद आणि दगडांची आहे, ओल असेल तर बूट घसरतात. याच वाटेनं अमेरिकनांनी रणगाडे न्यायचा प्रयत्न केला होता, हे उतरताना खरं वाटत नाही.

बास्तोन्य याच वाटेवर येतं का?

नाही, ते नैर्ऋत्येला आहे, त्यासाठी वेगळे दोन दिवस ठेवा. 101 व्या हवाई डिव्हिजननं वेढ्यात टिकवलेलं हे गाव सर्वांत प्रसिद्ध आहे, म्हणून गर्दीही तिथंच. गावाच्या माथ्यावर 1950 मध्ये उभारलेलं ताऱ्याच्या आकाराचं मार्दासों स्मारक आणि त्याच्या शेजारी मोठं संग्रहालय आहे. पण सायकलवाल्यानं बास्तोन्यहून बूर्सीकडं जाणारी जुनी रेल्वेवाट धरावी. ती बोआ-जाक जंगलाजवळून जाते. फोआ गावाजवळच्या या रानात अमेरिकन सैनिकांनी खणलेले खड्डे अजून आहेत. आता ते गुडघाभर खोल, पानांनी भरलेले. त्यांच्यात उतरू नका, कडा ढासळतात.

जवळच रेकोन्येला जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. सुमारे 6,800 जण, बसके राखाडी क्रूस, एकेका क्रूसावर अनेक नावं. तारखा वाचाल तर पुष्कळ जण अठरा-एकोणीस वर्षांचे.

इथं भारतीय किंवा मराठा सैनिक लढले होते का?

आर्देनमध्ये नाही. मराठा पलटणींची दुसऱ्या महायुद्धातली मोठी कामगिरी युरोपात इटलीची. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर, अशा दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्या लढाईतच गेले. इटलीत मोंतोने इथं त्यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात मात्र भारतीय फौज बेल्जियममध्ये होती, पार पश्चिमेला ईप्रजवळ. तिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर भारतीयांचीही नावं कोरलेली आहेत. तो वेगळा प्रवास, आणि तोही सायकलनं छान होतो.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. पठारावर पाऊस वर्षभर पडतो आणि आखेनला ऊन असताना सुर्ब्रॉटला धुकं असू शकतं, म्हणून जुलैतही पातळ जाकीट आणि रेनकोट बरोबर हवा. ऑक्टोबरात बीच या झाडांची पानं तांबडी होतात आणि रान बघण्यासारखं असतं, पण तेव्हा शिकारीचे दिवस सुरू होतात. जंगलातले आडरस्ते पाट्या लावून बंद केलेले असतील तर आत शिरू नका. मुख्य वाटेला याचा त्रास नाही.

काल्टरहेर्बर्गला घरांभोवतीची बीचची कुंपणं मुद्दाम बघा. पश्चिमेचा वारा आणि बर्फ अडवायला वाढवलेली, छपराएवढी उंच, आणि मधे खिडकीसाठी कापलेली चौकोनी भोकं.

होहेस फेनच्या पठारावर सायकल नेता येते का?

आतल्या लाकडी पायवाटांवर नाही, त्या फक्त चालणाऱ्यांसाठी. ठरवून दिलेले रस्ते आहेत, तेवढेच वापरा. कोरड्या दिवसांत वणव्याच्या भीतीनं लाल झेंडे लावले, की तो भाग सगळ्यांनाच बंद.

व्हिसाचं काय? तीन देश आहेत.

एकच शेंगेन व्हिसा तिन्ही देशांना चालतो. मुक्काम जिथं जास्त, त्या देशाकडं अर्ज करायचा. इथं रहिवासी परवान्यावर राहणाऱ्यांना वेगळं काही लागत नाही. वाटेवर सीमा फक्त दगडांवरून आणि पाट्यांवरून कळते. तरी मूळ पासपोर्ट आणि परवाना खिशात ठेवा, कारण येता-जाता रेल्वेत तपासणी होते आणि फोनमधला फोटो पुरत नाही.

सायकल घेऊन पोचायचं कसं?

आखेनला कोलोनहून लोकल गाडीनं साधारण तासाभरात येता येतं. जर्मनीच्या लोकल गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, महिन्याच्या डॉइचलांड-तिकिटात ते धरलेलं नाही. ट्रोआव्हिएर्ज हे लक्झेंबर्ग-लीज रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे. लक्झेंबर्ग देशात 29 फेब्रुवारी 2020 पासून सार्वजनिक वाहतूक मोफत आहे आणि त्यांच्या गाड्यांत सायकलही फुकट नेता येते, म्हणूनही दक्षिणेकडून सुरुवात करणं खिशाला बरं. भाड्याची सायकल हवी असेल तर आखेनला सोय जास्त, फक्त परत तिथंच द्यायची का हे आधी विचारून घ्या.

कोणती सायकल आणि काय सामान?

हायब्रिड किंवा टूरिंग उत्तम. डांबर चांगलं असल्यानं रोड सायकलही चालते, पण व्हेरेट आणि ह्युर्टगेनकडं वळणार असाल तर जरा रुंद टायर हवेत. ई-बाईकला काही हरकत नाही. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, पुढं-मागं दिवे. हेल्मेट कायद्यानं सक्तीचं नसलं तरी घाला. फाट्यांवर नंबरांच्या पाट्या आहेत, आपले नंबर कागदावर क्रमानं लिहून हँडलवर चिकटवले की सारखा फोन काढावा लागत नाही. रानात रेंजही जाते.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

होतं, थोडं आधी ठरवलं तर. बेकऱ्या सकाळी लवकर उघडतात, तिथून पाव, चीज, फळं भरून घ्या. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच सोय करा. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज पुष्कळ ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात, पाळत असाल तर विचारूनच घ्या. तांदळाच्या खिरीचं सारण भरलेला गोड फ्लाडन या भागात सगळीकडं मिळतो. त्यात अंडं असतं. ते चालत असेल तर जरूर खा, तीस किलोमीटर सहज निघतात. दोन गावांमध्ये पाणी मिळेलच असं नाही, बाटल्या भरून ठेवा. थेपले, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू घेऊन जाणारे सुखी असतात.

भाषेची अडचण येते का?

वाटेवरचं बेल्जियम बहुतांशी जर्मन बोलतं, वेम आणि माल्मेदी फ्रेंच. हॉटेलांत इंग्रजी चालतं, खेड्यातल्या बेकरीत चालेलच असं नाही. दुकानात शिरताना नमस्कार-चमत्कार त्यांच्या भाषेत केला, की पुढचं सगळं सोपं जातं.

दफनभूमीत आणि स्मारकांवर कसं वागावं?

सायकल दाराबाहेर लावा, हेल्मेट काढा, आवाज खाली. थडग्यांवर बसून डबा खाऊ नका, स्मारकावर चढून फोटो नको. जर्मन सैनिकांच्या थडग्यांपाशीही हेच. लीजकडं जाणार असाल तर आंरी-शापेलची अमेरिकन दफनभूमी बघा. जवळपास 8,000 पांढरे क्रूस आणि ज्यू सैनिकांच्या थडग्यांवर डेव्हिडचे तारे, कमानीच्या रांगांत. नातेवाईक अजून येतात. तुमच्या शेजारी उभं असलेलं माणूस कुणाची तरी नात असू शकेल.

रानात काही धोका?

गोचिडी. उंच गवतात बसलात तर रात्री गुडघ्यामागं, काखेत, केसांच्या कडेला नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं सरळ ओढून काढा. नंतर काही दिवसांनी तिथं लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरकडं जा.

दुसरा धोका लोखंडाचा. ऐंशी वर्षांनंतरही या जंगलांत न फुटलेले गोळे आणि सुरुंग सापडतात. मातीतून गंजलेलं काही वर आलेलं दिसलं तर हात लावू नका, पायानं ढकलू नका, आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. जागा लक्षात ठेवा, आल्या पावली मागं फिरा आणि 112 ला कळवा. तिन्ही देशांत तोच नंबर आहे. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना वाटेवर निघण्याआधीच सांगून ठेवा, त्यांना अशा वस्तू मोठ्यांच्या आधी दिसतात.